उलट्या खांबावरच्या घंटा

पिंपळनेर, सोमवार, संध्याकाळ

जुन्या हेमाडपंती देवळाच्या खांबांची चित्रं आज नोंदवहीत पूर्ण झाली, पण त्यातलं एक खोटं आहे. मंडपातल्या एका खांबावर कोरलेल्या घंटांची तोंडं वर आहेत. म्हणजे दुरुस्तीत खांब उलटा बसला. पुजारी नाना म्हणाले, "मना आजानी बसाडेल शे. सरळ काढ, लोके हसतीन." ती दुरुस्ती त्यांच्या आजोबांची. मी चित्रात खांब सरळ काढला. का? त्यांनी चहा पाजला म्हणून?

बाबा गवंडी. शाळेत जायच्या आधी त्यांनी मला ओळंबा, म्हणजे उभी रेघ तपासायची वजन बांधलेली दोरी, धरायला शिकवला. आज तो प्रत्येक खांबाला लावला होता. बाकीचे थोडे कललेत, हा उलटा खांब मात्र जराही नाही.

आत्ता खोडलं. घंटा वर तोंड करून काढल्या. खाली लिहिलं, "खांब उलटा, पण ओळंब्यात." हे उद्या नानांना वाचून दाखवायचं, मगच वही पुरातत्त्व खात्यात द्यायची.