बलदियाच्या जवारीची ओटी

माय, तुला जाऊन किती वर्षं झाली, आणि आज कागद घेऊन बसले तर आधी आठवली ती तुझी बलदियाची नोकरी. आताच्या पोरांना बलदिया म्हणजे नगरपालिका, हेसुद्धा फोड करून सांगावं लागतं. निजामाचं राज्य होतं, लढाईपायी धान्य महागलं होतं. ज्या घरचा कमावता माणूस पडला, त्या घराला बलदिया महिन्याला थोडे हाली, म्हणजे निजामी, रुपये आणि जवारीची चिठ्ठी द्यायची. पण आधी घर आतून बघितलं पाहिजे. गोषातल्या घरात परका पुरुष कसा शिरणार? म्हणून तुला ठेवलं. विधवा बाई, कुठंही गेली तरी कुणी अडवत नाही. "ह्या पांढऱ्या कपाळाचा एवढा तरी उपयोग झाला की गं," असं म्हणून तू स्वतःच हसायचीस. मला मेलं हसू यायचं नाही.

तुझी बघायची रीतही तुझीच. भांड्यांकडं ढुंकून बघायची नाहीस. "भांडी काय, शेजारणीचीबी मांडून ठिवत्यात." चुलीपाशी टेकायचीस, तांब्याभर पाणी मागायचीस आणि लेकरांकडं बघत राहायचीस. जेवलेलं लेकरू पाहुणी आली की खेळायला पळतं, उपाशी लेकरू पाहुणीच्या हाताकडं बघत बसतं, असं तुझं म्हणणं. देशमुखाच्या घरी मीही तुझ्याबरोबर होते, मला एकटीला घरी कुणापाशी ठेवणार? देशमुखाला लकवा मारला होता आणि भावकीनं जमीन दाबून पाठ फिरवली होती. त्यांची तिन्ही लेकरं तुझ्या हाताकडं बघत बसली. तू मदतीचं काढलंस तशा देशमुखीणबाई ताठ झाल्या. "अक्का, ह्या घरानं दिलंय, घेतलं न्हाई कदी. बलदियाची भीक दारात आली तर मी विहीर जवळ करीन."

कचेरीत येऊन तू सगळं सांगितलंस. म्हातारे मुन्शीसाहेब कागदातून मान वर न काढता म्हणाले, "नक्को बोले तो नक्को, बाई. लेनेवाले बहुत हैं." मला वाटलं, आता तू गप घरी येशील. कुठलं काय! "लेकरांनी नक्को म्हटलंय का, साहेब? चिठ्ठी माझ्या हातात द्या. अंगठा मी लावते." ते चष्म्यावरून तुझ्याकडं बघतच राहिले आणि शेवटी दिली त्यांनी चिठ्ठी.

श्रावणातला शुक्रवार. ओटीला कुणी नाही म्हणत नाही, हे तुला पक्कं ठाऊक. पण ओटी भरायची ती सवाशिणीनं, आणि बरोबर सवाशीण न्यावी तर गावभर बभ्रा. तू पदराखाली पायलीभर जवारी घेतलीस, वर खोबऱ्याची वाटी ठेवलीस आणि स्वतःच निघालीस. देशमुखीणबाई आधी जवारी बघतात, मग तुझं मोकळं कपाळ. आत खाटेवर नवरा पडलेला. भीतीनं मी दाराची चौकट धरून उभी. "अक्का... तुमी?" "दुसरी कोण आणू? आणली असती तर उद्या पाणवठ्यावर तुमचंच बोलणं झालं असतं." धाकटं लेकरू जवारीकडं सरकतं. बाई त्याच्याकडं बघतात, डोळे पुसतात आणि पदर पसरतात. "भरा. पर मदत म्हणू नका." "ओटीच म्हणायलेय न्हवं मी," तू म्हणतेस. ओटी भरून झाल्यावर त्या तुझ्या पाया पडल्या, आणि तू चटका बसल्यागत मागं सरकलीस. सणावारी तुझ्या पाया कुणी पडत नव्हतं ना.

मग दर महिन्याला तू जात राहिलीस. दिवाळी झाली आणि देशमुख गेले. तुझी नणंद, माझी आत्या, आपल्या दारात येऊन तोंडाचा पट्टा सोडून ओरडली, "पांढऱ्या कपाळानं ओटी भरलीस, खाल्लास की गं तिचा नवरा!" तू भाकरी थापत होतीस. तव्यावरची भाकरी जळली. त्या दिवसांत तू जेवायला बसायचीस आणि ताटावरून उठायचीस. तुलाही ते खरंच वाटत होतं का गं? मी कधी विचारलं नाही. सुतक फिटलं आणि देशमुखीणबाई गोषा सोडून भर बाजारातून चालत कचेरीत आल्या. मुन्शीसाहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले. "मदतीच्या यादीत माझं नाव लिवा," त्या म्हणाल्या. "आन् ही बाई हाय म्हणून माझी लेकरं हायत, हेबी लिवा." तू कोपऱ्यात ढसाढसा रडलीस. तुला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आले, छाती फुगवून, सुनांना, नातींना, शेजारणींना. तुझ्या जावयाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. काल नातीचं डोहाळजेवण होतं. ती म्हणाली, "आजी, पहिली ओटी तूच भर. आता कोण मानतंय ते?" सगळ्याजणी म्हणाल्या, भरा, भरा. सुनेनं तांदळाचं ताट माझ्यापुढं धरलं. मी म्हणाले, हात थरथरतात गं, सांडतील, दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. हा कागद मी कुठं धाडणार आहे, म्हणून तुला एकटीला सांगते, माय. हात थरथरत नव्हते. त्या पोटातल्या लेकरासाठी मी भ्याले.