मार्चअखेरचा ट्रक

३१ मार्च ९८, मंगळवार
टार्गेट पूर्ण.

दाजीबानपेठेतल्या आमच्या डीलरनं, गुरुपादअण्णानं, नूडल्सचा ट्रक घ्यायला साफ नकार दिला. गोडाऊन आधीच भरलेलं. मी माझ्या सेल्समनला, मारुतीला म्हटलं, "उतरव. मी बघतो." पेट्या आत जायला लागल्या तसा अण्णाचा मुलगा वीरेश शटर ओढायचा लोखंडी आकडा घेऊन धावला. "याव हेळ्यान ले?" कुणी सांगितलं म्हणून विचारत होता. मारुतीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पहिला घाव खांद्यावर, दुसरा डोळ्यावर. पेट्यांवर रक्त. मी जीपशी उभा. हललो नाही.

अण्णानंच पोराला ओढलं. मग माझ्यापुढं हात जोडून, "सगळा माल उतरवा सर, पोलीस मात्र नको."

उतरवून घेतला. बिल केलं. थू.

२ एप्रिल
हॉस्पिटल. मारुतीचा डावा डोळा गेला. त्याची बायको दारातच भेटली. "सर, तुम्ही होता न्हवं तिथं?" होतो म्हटलं. "मग झालं. तुम्ही सांगितल्यावर कोण नाही म्हणतंय." तिनं पोलिसांत तक्रार केलीय, साक्षीदार म्हणून माझंच नाव दिलंय.

६ एप्रिल
मुंबईहून साहेबांचा फोन. आधी अभिनंदन. जूनपासून रीजनल मॅनेजर, पुणे. मग आवाज उतरवून, "त्या दिवशी तू तिथं नव्हतासच, धारवाडला होतास. महिनाअखेरीला आपण डीलरकडे माल कोंबतो हे कोर्टात यायला नको. कळलं?"

कळलं म्हणालो. फोन ठेवला आणि टेबलावरची काच मुठीनं फोडली. टाके पडले. बायकोला, नलूला सांगितलं, हात निसटला.

११ एप्रिल
दुर्गदबैलात मारुतीच्या भावानं गाठलं, परशानं. ऑफिसातून बातमी फुटलेली दिसते. भर बाजारात कॉलर धरली.
"धारवाडात होता व्हय? मग माझ्या भावाला ट्रक उतरव म्हणाला कोण, तुझा बाप?"
ओठ फाटला माझा. मीही मारलं. तो हातगाडीवर आपटून खाली पडला, त्यानंतरही लाथा घातल्या. लोकांनी ओढलं तेव्हा थांबलो. का मारत होतो ते चांगलं कळत होतं. तो खरं बोलत होता.

१२ एप्रिल
नलूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पुण्यात शाळांची चौकशी केलीय मी. थांबवू का?" मी ताट भिंतीवर भिरकावलं. ती शांतपणे भात गोळा करत म्हणाली, "माझ्यावर ढकलू नका."
लाज वाटली.

२० एप्रिल
जबाबासाठी पोलीस स्टेशन. मारुती आधीच बाकावर, डोळ्यावर पट्टी. माझा ओठ बघून कळवळला. "परशानं मारलं न्हवं? मनावर घेऊ नका सर. खुळं हाय ते. तुम्ही कुठं होता ते मला ठाऊक हाय की."
फौजदारानं कागद पुढं ओढला. "३१ तारखेला यल्लि इद्री, सर?" कुठं होता. पाणी मागितलं. तेवढ्यात कुठल्यातरी मोर्च्याचा फोन आला, फौजदार टोपी घालून उठले. उद्या दहाला या म्हणाले.

बाहेर आलो. मारुतीनं रस्ता ओलांडायला माझा दंड धरला. डावीकडून येणारी रिक्षा त्याला दिसत नाही. मी थांब म्हटलं की थांबतो, चल म्हटलं की चालतो.