दाखल्याप्रमाणे अठरा पूर्ण

डिंडोली, सुरत
रविवार, १६ जून १९९६

तीर्थरूप पंडितमामांस,

चंचलचा साष्टांग नमस्कार. (खरोखरच साष्टांग आहे. आमच्या पंख्याचा वारा जमिनीवरच नीट लागतो, म्हणून पालथी पडून लिहिते आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? शाळा उघडली असेल, तर यंदा पहिलीच्या पटावर किती मुलं आली? हा शेवटचा प्रश्न मी सहज विचारलेला नाही, पण त्याच्याकडे सावकाश येते. इकडे सर्व खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तसं लिहिते.

मी बारावी सायन्सला अडुसष्ट टक्क्यांनी पास झाले, हे आप्पांच्या कार्डावरून तुम्हाला कळलं असेलच. पण मी मोठी झाले ती काही निकालाच्या दिवशी नाही. ते काम शाळेने फेब्रुवारीतच, निरोप समारंभात उरकलं होतं. पाहुणे म्हणून साड्यांचे एक व्यापारी आले होते. दीड तास उशिरा आले, मराठी शाळेत गुजरातीतून बोलले, आणि म्हणाले की आजपासून तुम्ही मुलं नाही, मोठी माणसं आहात. मग मुलांना सांगितलं की जग बघा. मुलींना सांगितलं की जग बघणाऱ्यांच्या घराकडे बघा. शेवटी प्रत्येकाला त्यांच्या दुकानाचा एकेक निळा रुमाल दिला. मी रडणार नव्हते, पण माझी मैत्रीण योगिता रडायला लागली (ती हजेरी घेतली तरी रडते), म्हणून मीही डोळे पुसले, आणि रुमालाचा रंग डोळ्यांखाली उतरला. समूहाच्या फोटोत मी दुसऱ्या रांगेत आहे. कुणीतरी मारल्यासारखी दिसते ती मी.

आता दाखल्याकडे येते. शाळा सोडल्याचा दाखला आणायला तीन खेपा झाल्या, कारण आमच्या शाळेचे कारकून रामदासभाऊ हे शिक्का एका कपाटात आणि त्या कपाटाची किल्ली दुसऱ्या कपाटात ठेवतात. तिसऱ्या खेपेला दाखला मिळाला, तर त्यावर जन्मतारीख एक जून एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. आई तर नेहमी सांगते की मी पोळ्यानंतर दोन दिवसांनी झाले, आणि तेही एकोणऐंशी साली. मी रामदासभाऊंना म्हटलं, ही तारीख चुकली आहे. त्यांनी मान वर न करता रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. मामा, आमच्या वर्गात एक्केचाळीस मुलंमुली, त्यातली तेवीस एक जूनला जन्मलेली. त्या दिवशी खानदेशातल्या सुइणींना पाणी प्यायलाही उसंत मिळाली नसणार. रामदासभाऊ म्हणाले की तू पहिलीला ज्या गावी होतीस, तिथल्या गुरुजींनी जे लिहिलं तेच इथे उतरलं, आमचा दोष नाही. तिथले गुरुजी म्हणजे कोण, हे मी त्यांना सांगितलं नाही. घरची अब्रू आहे.

घरी येऊन आईला विचारलं, तर तिने अगदी कौतुकाने सगळी हकीकत सांगितली. त्या वर्षी तुमच्या पहिलीच्या पटाला एक मूल कमी पडत होतं, साहेब तपासणीला येणार होते, आणि मी अंगणात चिंचोके खात बसले होते. तुम्ही मला उचललंत, टोपी घातलीत (टोपी का, ते आईलाही ठाऊक नाही) आणि पटावर बसवलंत. मी तेव्हा पावणेपाच वर्षांची होते. सरकारी शाळा वाचली याचा मला आनंदच आहे. पण त्या दिवशी तुम्ही माझ्या आयुष्यातले पंधरा महिने खर्ची घातलेत, आणि त्याची झळ मला आत्ता लागते आहे.

कारण आप्पांनी दाखला वाचला. आप्पांचं वाचन तुम्हाला ठाऊक आहे, वर्तमानपत्र ते सिनेमाच्या पानापुरतं बघतात. पण हा कागद त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, अठरा पूर्ण झाले की. मालतीबाई (समोरच्या गल्लीतल्या, आमच्या निम्म्या वस्तीची लग्नं त्यांनी जुळवली आहेत आणि उरलेल्या निम्मीवर नजर आहे) हे ऐकायला दारातच उभ्या होत्या. पुढच्या रविवारी, म्हणजे नऊ तारखेला, पाहुणे हजर.

मुलाचं नाव योगराज. हजीऱ्याला एका कारखान्यात वेल्डर, मालतीबाईंच्या म्हणण्याप्रमाणे परमनंट. सोबत त्याचे काका लोटूभाऊ, ते एकटेच सहा जणांइतकं बोलतात. मला आधी चालवून पाहिलं, मग सुईत दोरा ओवायला लावला, मग गुजरातीतला एक कागद वाचायला दिला. (तो लाइटच्या बिलाचा होता. मी तो भावपूर्ण वाचला.) मग लोटूभाऊंनी वय विचारलं. आप्पा म्हणाले, अठरा पूर्ण. त्याच क्षणी आई सवयीने म्हणाली, सतरावं चालू आहे. लोटूभाऊंनी दाखला मागितला, तो हात लांब करून वाचला, आणि विचारलं की यात खोटं कोण, कागद का आई? आई लगेच म्हणाली की कागद माझ्या भावाने लिहिलेला आहे, तो हेडमास्तर आहे. हे तिने अभिमानाने सांगितलं. लोटूभाऊ खूश झाले. ज्या घरात हेडमास्तर मामा आहे, त्या घरातलं खोटंही सरकारी असतं, असं त्यांना वाटलं असावं.

मग नव्या पद्धतीप्रमाणे आम्हा दोघांना पाच मिनिटं गॅलरीत सोडलं. आमच्या गॅलरीत दोन पाण्याच्या टाक्या, एक सायकल आणि वाळत घातलेली आप्पांची लुंगी आहे, उरलेल्या जागेत आम्ही उभे राहिलो. मी ठरवलं होतं की तोंड उघडायचं नाही. पण तो मुलगाही ते ठरवूनच आला होता. निम्मा वेळ असाच गेल्यावर त्याने लुंगीकडे बघत विचारलं, "तुम्हाला लग्न करायचंय का?"

मी म्हटलं, "तुम्हाला?"

तो म्हणाला, "मला अजून कोणी विचारलं नव्हतं."

मामा, मला त्याची थट्टा करायची होती, पण जमलं नाही. तो परमनंट वगैरे काही नाही. कंत्राटदाराकडे आहे, दर सहा महिन्यांनी नवा गेटपास काढावा लागतो. घरी हे कोणाला सांगू देत नाहीत. मग त्याने विचारलं की मला पुढे काय करायचं आहे. हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, सायन्स केलंय, काहीतरी प्रयोगशाळेतलं. तेव्हा तो म्हणाला की इच्छापोरला रंग बनवणारा एक कारखाना आहे, तिथे रंग तपासायच्या लॅबमध्ये बारावी सायन्सच्या मुली शिकाऊ म्हणून घेतात, गेटवर कागद लावलाय, बुधवारी मुलाखती आहेत. अट एकच, अठरा पूर्ण. एवढं सांगून तो आत गेला आणि काकांनी विचारल्यावर "मुलगी पसंत आहे" म्हणून मोकळा झाला. (त्याच्याकडून धैर्याची अपेक्षा करणं चुकीचं होतं. लोटूभाऊ शेजारीच बसले होते.)

बुधवारी मी घरी सांगितलं की दाखल्यावर शिक्का राहिला आहे, शाळेत जाते. रामदासभाऊंची ख्याती अशी की कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही. योगिताला घेऊन दोन बस बदलून इच्छापोरला गेले. सतरा मुली होत्या. मुलाखतीला एक देसाईबेन होत्या, त्यांनी काही विचारलंच नाही. टेबलावर कापडाचे सहा निळे तुकडे टाकले आणि म्हणाल्या, गडदपासून फिक्यापर्यंत लाव. मला ते सहाही वेगळे दिसत होते. आमच्याकडे आप्पांच्या नखांवरून कळतं की त्या आठवड्यात मिलमध्ये कुठला रंग चालू आहे. लहानपणापासून मी ते बघून सांगते, मोरपंखी, राणी, रामा, आणि आप्पा हसतात. मी तुकडे लावले आणि म्हटलं, चौथा मुळात तिसऱ्यासारखाच आहे, फक्त धुतलेला आहे. देसाईबेननी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. सतरांतून चार घेतल्या. त्यात मी पहिली.

परत येताना बसमध्ये मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. हे तुम्हाला म्हणून लिहिते. भाषणाने वाटलं नव्हतं, निकालाने नाही, मला चालवून पाहिलं तेव्हा तर मुळीच नाही.

घरी आल्यावर आप्पांना खरं सांगितलं. वाटलं होतं की आपल्या मिलच्या कामाचा मुलीला उपयोग झाला म्हणून खूश होतील. त्यांनी हात लुंगीला पुसले (रंग त्याने निघत नाही) आणि म्हणाले, "एवढ्या लांब एकटी जायला तू काय मोठी झालीस का?"

त्याच्या तीनच दिवस आधी मी याच घरात अठरा पूर्ण होते. म्हणजे परक्याच्या घरी जन्मभर राहायला मी मोठी, आणि इच्छापोरला जाऊन संध्याकाळी परत यायला लहान. मी हे बोलून दाखवलं. तेव्हापासून आप्पा माझ्याशी आईमार्फत बोलतात. तीस जूनला सुपारी फोडायची ठरते आहे, फक्त तुमच्या होकाराची वाट आहे, कारण या घरात तुमचं अक्षर म्हणजे कायदा.

म्हणून मामा, एक जबाबदार गुरुजी या नात्याने तुम्ही माझी जन्मतारीख ताबडतोब दुरुस्त करावी, आप्पांना आणि लोटूभाऊंना लेखी कळवावं की मुलगी अजून सतराचीही पूर्ण नाही, आणि झाल्या प्रकाराबद्दल थोडं वाईट वाटून घ्यावं. मामींना नमस्कार.

तुमची, पटावरची,
चंचल

ता. क. दुरुस्ती फक्त तोंडी करावी. कागदाला हात लावू नये. चोवीस तारखेला इच्छापोरला मूळ दाखला दाखवायचा आहे, आणि तिथे मी एक जूनचीच लागते. लग्नाला तारीख खोटी आणि नोकरीला खरी, असं एकाच तोंडाने सांगायला अवघड जाईल हे मला कळतं, पण या घरात ते सगळ्यांना जमलं आहे.

दुसरी ता. क. इच्छापोरच्या फॉर्मवर पालकाची सही लागते. तिथे तुमचं नाव घातलं आहे. सहीही झाली आहे. अक्षर तुम्हीच शिकवलंत, त्यामुळे फरक ओळखू येत नाही. रागावला असाल तर शनिवारी बावीसला अमळनेरहून गाडीत बसा आणि इथे येऊन रागवा, म्हणजे आप्पांशी बोलणंही होईल.

तिसरी ता. क. पाकीट चिकटवण्याआधी आईने हे पत्र वाचून दाखवायला लावलं. मी खुशालीपर्यंत वाचून थांबले, तर म्हणाली, पुढचं पण वाच, बुधवारी शाळा बंद होती ते मला ठाऊक आहे. सगळं वाचलं. तिने निवडायच्या तांदळाचं ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाली की माझ्याकडून दोन ओळी लिही. तुम्ही तिची खानदेशी बोली नेहमी दुरुस्त करता, मी केलेली नाही. ती म्हणते, "दादाले लिख, मना लगीनना येळे मी पंधरानी व्हतू, अन् तू गप्प बसना व्हता. आते बोल."