आचाऱ्याचं पदक

४ मार्च
आज उजव्या हातात चमचा धरता आला. नर्सताई म्हणाल्या, "आता शिलाई मशीनही चालवाल." चालवीन की, तुकडीचा शिंपी आहे मी. खंदक कोसळला, तोंडात माती गेली, तेव्हा वाटलं होतं – संपलो.

७ मार्च
आचारी भेटायला आला. आमच्या तुकडीचा स्वयंपाकी. वरून तोफगोळे पडत असताना यानंच मला उकरून काढलं. फावडं मला लागेल म्हणून शेवटी नुसत्या हातांनी. नखं अजून धड आलेली नाहीत.
त्याला शौर्यपदक जाहीर झालंय. मी आभार मानायला लागलो की विषय बदलतो. "इथलं जेवण कसं आहे?"
"तुझ्यापेक्षा बरं."
हसला. बरं वाटलं.

८ मार्च
जखम खाजते. म्हणजे भरतेय म्हणे.

१५ मार्च
पदक समारंभ. मला दवाखान्यातून दोन दिवसांची सुट्टी मिळाली. आचाऱ्याचा कोट त्याच्या अंगावर लोंबत होता. सकाळी बसून मीच तो आत घेतला – चार टाके घालताना नाकी नऊ आले. साहेबांनी मोठ्यानं वाचलं, "सहकाऱ्याचे प्राण वाचवले." तो सहकारी मी! ऊर भरून आला.
त्याची आई माझ्याशेजारी होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत, माझा हात घट्ट धरून बसली. भारावून गेली असेल.

१६ मार्च
मुक्काम त्याच्याच घरी. आईनं समोर बसून वाढलं, नको म्हटलं तरी वाढलं. मग कपाटातून एक सदरा काढला. "घालून बघ. तुला होईल."
बाह्या बोटभर लांब, बाकी बेतून शिवल्यासारखा.
"कुणाचा, काकू?"
"धाकट्याचा."
आचारी ताटावरून उठून बाहेर गेला. पुढे काही विचारायचं धाडस झालं नाही. इतकी माया मला फुकट मिळतेय. देवाची कृपा.

१७ मार्च
दवाखान्याच्या फाटकापाशी आचारी थांबला. म्हणाला, "धाकटा खंदकात तुझ्या शेजारीच होता. आदल्या दिवशीच आपल्या तुकडीत आलेला. मी त्याच्यासाठी खणत होतो, हाताला तू लागलास. तुला बाहेर काढेपर्यंत तो गेला."
मी म्हणालो, "मला सोडून पुढे खणायचं होतंस."
"तू श्वास घेत होतास रे."