एकोणपन्नासच्या पिकाची बाटली

२१ डिसेंबर १९५७
दुपारी नंदुरबार स्टेशन. लुई साहेबांची मावशी उतरली, मुंबईहून सुरतमार्गे. साहेब पाण्याच्या योजनेचे इंजिनीअर, फ्रान्सचे. वर्षभर कळसाडीत माझ्या मोठ्या मायच्या, म्हणजे थोरल्या चुलतीच्या, पुढच्या खोलीत राहतात. मी इथला मास्तर, शाळा सुटली की त्यांचा दुभाषी. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच, म्हणून जमतं.
मडमबाई साठीच्या. बुटांना माती. मिरचीच्या पथारींजवळून जाताना सगळे शिंकून बेजार, तरी जीप थांबवायला लावली. वाळत घातलेली एक मिरची उचलली, मोडली, हुंगली. कोणती जमीन, पाणी किती, तोडणी कधी. आपल्या माणसासारखे प्रश्न.
मांडीवर गवतात गुंडाळलेली बाटली. घर येईपर्यंत कोणाच्या हातात दिली नाही.

२३ डिसेंबर
बाटली दारूचीच. मी जरा घाबरलो, इथे दारूबंदी. परदेशी म्हणून मडमकडे परवाना आहे. साहेबांकडेही.
द्राक्षांचा मळा त्यांच्या घरचा, तीन पिढ्यांचा. नवरा जर्मन लढाईत गेला. दिरांना मळा मोठ्या कंपनीला विकून टाकायचा होता. बाईंनी विकू दिला नाही. स्वतः तळघरात उतरल्या आणि दारू करायला शिकल्या.
मी हे मोठ्या मायला आमच्या भाषेत सांगत होतो. ती तूर निवडत होती. हात थांबला.
"कितला दीर व्हतात तिले?"
"तीन."
"माले एकच शे." परत निवडायला लागली.
तो एक म्हणजे माझे आबा, माझे वडील. 

२६ डिसेंबर
दोघी सकाळपासून शेतात. मो. मा. पुढे, मडम मागे, मध्ये मी. थोड्या वेळाने माझी गरज उरली नाही. मो. मा. कपाशीचं बोंड फोडून दाखवते, मडम धागा ओढून बघते. मडमने चिमूटभर माती जिभेवर ठेवली. मो. मा. हसली नाही. तिनेही ठेवली.
मोठे बाबा गेल्यापासून शेत तीच बघते. आमची आई गेल्यावर मला वाढवलं तेही तिनेच. आबा म्हणतात, बाईमाणसाने किती दिवस बांध तुडवायचे, जमीन माझ्या नावावर कर. मोठ्या बाबांची जमीन नव्या वारसा कायद्याने तिच्या स्वतःच्या नावावर होऊ शकते, हे तिला मीच सांगितलं होतं. तेव्हा म्हणाली, "आते कोठे कचेरीना पायऱ्या चढू." तिथेच राहिलं.

२८ डिसेंबर
बाटलीची हकीकत आज पुरी कळली. लिहून ठेवतो, पुन्हा अशी माणसं भेटायची नाहीत.
दर साली अशी करत नाहीत. पीक मनाजोगं आलं तरच, आणि मग त्यात दुसऱ्या सालाचा थेंब नाही. ही एकोणपन्नासची. बाटलीतच पुन्हा आंबते, म्हणून फेस. मग वर्षानुवर्षं खडूच्या दगडात खोदलेल्या तळघरात निजवून ठेवायची. शेवटी तोंड खाली करून भोकं पाडलेल्या लाकडी घोडीत रोवायची आणि रोज हाताने थोडी थोडी फिरवायची, म्हणजे गाळ हळूहळू बुचाशी येतो. बूच काढलं की तेवढा गाळ उडतो, बाकी नितळ. तिथे बाकीचे साखर घालतात. ही बाई घालत नाही. दीर म्हणाले, कोरडी दारू कोण पिणार. बाई म्हणाल्या, गोड केलं की पिकाचे दोष झाकतात, मला झाकायचे नाहीत.
आम्ही कपाशी वेचली की पंधरवड्यात विकून मोकळे. एका सालचं पीक आठ वर्षं अंधारात सांभाळायचं, ते कसं झालं हे माहीत नसताना. केवढा जीव लागत असेल.

३० डिसेंबर
फौजदार आले. कोणीतरी कळवलं, विधवेच्या घरात दारू आहे. कोणीतरी कोण, ते ओट्यावर जमलेल्या सगळ्यांना माहीत होतं. आबा लांब आपल्या दारात उभे.
बाटली खोलीत नव्हती. फौजदारांचा आवाज चढला. "लपवली कुठे?"
मो. मा. विहिरीवर गेली, दोर ओढला, बादलीतून बाटली काढून त्यांच्यापुढे धरली. "लपाडेल नही साहेब. थंडी कराले टाकेल शे. पाहुनीनी शे, पाहुनी उद्या पेई."
परवाना मी वाचून दाखवला, बाटलीची हकीकतही सांगितली. फौजदार भला माणूस. बाटली उन्हात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. म्हणाले, "परवाना ज्यांचा आहे त्यांनीच घ्या. घरच्यांनी हात लावू नका."
जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "खरंच यात साखर नसते?"

३१ डिसेंबर
दिवस मावळायच्या आत ओट्यावर फोडली. मला वाटलं धडाका होईल. मडमने बूच मुठीत धरून बाटलीच फिरवली, नुसता सुस्कारा आला.
रंग वाळल्या गव्हाच्या काडीचा. तळातून बारीक माळ वर येतेय, तुटत नाही.
मो. मा.ने पेला घेतला. मी दचकलो. तिने तो तोंडाला लावला नाही, कानाला लावला. डोळे मिटून ऐकत बसली. "बोली ऱ्हायनी रे ही. आठ वरीस गप व्हती ना."
मडमला सांगितलं. त्यांनी मान फिरवली, रुमाल काढला.
मी एक घोट घेतला. घ्यायला नको होता, मास्तर आहे. पण घेतला. आधी कच्च्या बोराचा आंबटपणा, मग भाकरीच्या करपल्या पापुद्र्याची चव, मग पाटी पुसल्यावर येतो तसा खडूचा ओला वास. गोड कुठेच नाही. घोट गिळल्यावरही तोंडात चव बदलत राहिली. डोक्यात काही चढलं नाही. एवढं स्वच्छ काही मी आजवर चाखलं नव्हतं.
मो. मा. बाटलीवरच्या कागदावर बोट फिरवत होती.
"हाई नाव कोनं? सासरानं?"
"नही. तिन्हं."
"नवरानं नही?"
"तिन्हंच. मार्त."
तिने नावावरून पुन्हा बोट फिरवलं. मग, "तिना दीर काय बोलनात?"
मडम म्हणाल्या, दोघं अजून बोलत नाहीत. तिसरा दर तोडणीला येतो.

४ जानेवारी १९५८
मडम गेल्या. दोघींनी एकमेकींचे हात धरले, दोघींचे सारखेच, चिरा पडलेले. बोलल्या आपापल्या भाषेत, एकाच वेळी. मला मध्ये घेतलं नाही.
जीप वळल्यावर मो. मा. म्हणाली, "त्या कचेरीना कागद तूच लिखशी ना?"

७ जानेवारी
अर्ज दिला. अंगठा नको म्हणाली. मी पाटीवर नाव काढून दिलं, ती गिरवत बसली. सही वाकडी आली, पण तिची.

१० जानेवारी
आबांनी जेवताना ताट सारलं. "शेवटले तुलेच भेटणार शे ना ती जमीन? मंग कोना साठे मन्हासंगे वैर करस?"
उद्या मला भेटणार म्हणून ती आज आबांची होत नाही. जमीन तिची आहे, ती कसते, एवढंच सांगायचं होतं. आई गेल्यावर आबांनीही एकट्याने घर ओढलं, ते मी विसरलेलो नाही.

२ फेब्रुवारी
आबा माझ्याशी बोलत नाहीत. त्यांनी मो. मा.च्या अर्जावर हरकत घेतली आहे. मामलेदारांनी शहाद्याच्या कचेरीत जबाबाला बोलावलं, मलाही. इतकी वर्षं शेत कोण कसतं, ते सांगायला.
मो. मा. रोज पहाटे उठून पाणी धरते, काही घडलंच नाही अशी. मी जेवायला तिच्याकडे. तिने एकदाही विचारलं नाही, मी काय सांगणार. हे तिचं मोठेपण, आणि मला त्याचं ओझं.

१२ फेब्रुवारी
उद्या जबाब.
मधल्या सुट्टीत आबा शाळेत आले. आजवर कधी आले नव्हते. निंबाखाली उभे राहिले, मुलं खेळत होती ते बघत. मी बाहेर गेलो.
"काय सांगशी उद्या?"
"देखं ते सांगसू."
"तू मन्हा पोऱ्या शे."
"तिनाबी शे, आबा."
ते पडवीत गेले. माठातलं पाणी प्याले, ओंजळ झटकली, टोपी सारखी केली. फाटकापर्यंत गेले आणि मागे वळून म्हणाले, "लवकर निंघजो. पहिली बस भरेल ऱ्हास."
एवढंच. स्वतः त्याच बसने येणार आहेत का, आले तर तिथे हरकत चालवायला की मागे घ्यायला, हे विचारायला तोंड उघडलं तोवर ते रस्त्याला लागले होते.
धुतलेला सदरा दोरीवर आहे. सकाळपर्यंत वाळेल.