चित्रांवर चिकटवलेले कागद

मु. मूल, ८ एप्रिल १९५६

चि. इंदिराबाईस घनश्यामचे अनेक आशीर्वाद.

गोकुळा तुझ्याकडे परत सुखरूप पोचली असेल. तू मास्तरीण, मी तलावावर जाळं टाकणारा भाऊ, तरी विचारतो. माझी दहा वर्षांची पोर तुझ्याकडे शिकायला ठेवली. सुट्टीत इथे आली तेव्हा तिने तू रंगवलेलं चित्रांचं पुस्तक घडाघडा म्हटलं. आधी बरं वाटलं, मग दिसलं की पान उलटायच्या आधीच ती पुढचं म्हणते. मासा म्हटलं की दोन टाळ्या वाजवते. शेजारच्या झिंगूने विचारलं, हिला भजनी मंडळात घातली काय. मला काही हसू आलं नाही. तिला वाचता येत नाही, हे तू लपवत तर नाहीस ना?

राग मानू नये, माया आहेच.

आरमोरी, १५ एप्रिल

ती. भाऊंस इंदिराचा सा. न. वि. वि.

लपवू कशाला? शब्द आधी कानाने तोडायचा, दर अक्षराला एक, म्हणून टाळ्या. घर, आई, पाणी हे नेहमीचे शब्द ती बघताक्षणी ओळखते. पुस्तक पाठ झालंय, हे खरं. म्हणून मी चित्रांवर कागद चिकटवले आणि पानं मागेपुढे करून विचारलं. अडखळली, पण वाचलं. भाऊ, तुम्ही लहानपणापासून संशयी, माझी पाटीसुद्धा दोनदा तपासायचात.

वहिनींस नमस्कार. लोभ कमी करू नये.

मूल, २३ एप्रिल

चि. इंदिराबाईस आशीर्वाद.

कागद तूच चिकटवले, परीक्षाही तूच घेतलीस. माझा विश्वास नाही. आपल्या गावच्या लटारूभाऊंनी त्यांच्या मुलासाठी गोकुळाला मागणी घातली, मी हो म्हणालो. सोयरीक पक्की समज. मे महिन्यात तिला न्यायला येतो. तिला आताच सांगू नकोस, रडेल. पत्र मात्र लपवायला नको, यात चित्रं नाहीत, तिला काय वाचता येणार.

तुझ्यावर माया आहेच.

आरमोरी, २८ एप्रिल

ती. भाऊंस सा. न. वि. वि.

पत्र आलं तेव्हा मी बाजारात होते. गोकुळाने ते डाकवाल्याकडून घेतलं. परतले तर ती उंबऱ्यावर बसून ओळींवरून बोट फिरवत होती. सोयरीक हा शब्द माझ्या पुस्तकात नाही. तो तिने टाळ्या वाजवून तोडला, जोडला आणि पुन्हा वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत गेली. रडली नाही. मला एवढंच म्हणाली, "आत्याबाई, बाबानं मले न पुसता हो काऊन म्हटलं?"

मला तुमचा फार राग आला आहे, भाऊ. उत्तर तुम्हीच द्या, तिच्याच नावाने. अक्षर जरा मोठं काढा. ती वाचणार आहे.

लोभ तिच्यावरही असू द्यावा.

इंदिरा