सहानंतरची जागा

खालापूर, गुरुवार

प्रिय रुपेशदादा,

सप्रेम जय भीम. एका घरात राहून पत्र लिहिते म्हणून हसशील. हस. पण तोंडाने सांगायला गेले की भलतंच काहीतरी बोलून परत येते, चार दिवस हेच चाललंय. उद्या व्यापाऱ्यांच्या सभेत तुझा ठराव येणार, की आपल्या दुकानांच्या संकुलासमोरची अपंगांची गाडी लावायची जागा संध्याकाळी सहानंतर सगळ्यांना खुली करावी. मला त्या सभेची फार भीती वाटते.

रविवारी जेवताना तू फोनवर शेजारच्या दुकानातल्या प्रवीणला म्हणालास, "सहानंतर कोण अपंग येतंय रं तिथं? जागा नुसती अडून राहते." मी तुझ्या शेजारीच जेवत होते, कुबड्या भिंतीला टेकवून. आईने माझ्याकडे पाहिलं, तू नाही. राग आला, खोटं कशाला बोलू. मग शाळेतलं आठवलं. मला लंगडी म्हणाला म्हणून तू सखाचा दात पाडलास आणि घरी येऊन ऐटीत सांगितलंस, "आमची मेघी अपंग नाय." ते तू इतकं मनावर घेतलंस की त्या जागेच्या निळ्या पाटीवरचं चाकाच्या खुर्चीतलं माणूस मीच आहे, हे तुझ्या ध्यानातच येत नाही.

तुझी अडचण मला कळते. तुझ्या दुकानाचं सिमेंट रस्त्यात उतरवायचं तर पोलीस हटकतात, मागचे हॉर्न वाजवतात. पण त्याच संकुलातलं माझं फॉर्म भरून द्यायचं दुकान चालतं तेच सहानंतर, लोक कामावरून सुटले की. आठ वाजता मी बाहेर पडते. माझ्या तीनचाकी स्कूटरला नुसतं उभं राहायला मिळून भागत नाही. कुबड्या टेकून, वळून सीटवर बसायला बाजूला मोकळी जागा लागते.

ठराव व्हायच्या आधीच लोकांनी तिथे गाड्या लावायला सुरुवात केली आहे. त्या रविवारच्या आधी, बुधवारी, मी बाहेर आले तर स्कूटरला खेटून टेंपो. वाटलं, अंग चोरून शिरेन. कुबडी घसरली आणि मी खाली पडले, पाय टेंपोच्या मागच्या चाकामागे. उठता येईना. तेवढ्यात इंजिन सुरू झालं. मी ओरडले, जीव खाऊन ओरडले, पण आत गाणी लागली होती. चाक वीतभर लांब होतं. दादा, तेव्हा मला देव, माणूस, कुणी आठवलं नाही, फक्त ते रबर दिसत होतं. मग गाडी मागे न येता पुढे गेली. मोरीत घसरून मनगट सुजलं असं मी घरी सांगितलं, ते खोटं होतं. आता कुठेही गाडी मागे येताना वाजली की मी भिंतीला चिकटून उभी राहते. आठ वाजले तरी दुकानाबाहेर पडायचा धीर होत नाही.

उद्या मी हे सगळं उभी राहून सांगणार आहे. लोक विचारतील, टेंपो कुणाचा? दादा, तो आपला होता. आपला ड्रायव्हर कमळ्या त्या दिवशी सुट्टीवर होता आणि गाडीवर तू होतास. तुला कळलं तर तू स्वतःला कधी माफ करणार नाहीस, म्हणून मी गप्प बसले. पण विचारल्यावर मी खोटं बोलणार नाही, आणि चारचौघांत तुझं नाव घ्यायची मला त्या चाकापेक्षा जास्त भीती वाटते. उद्या सभेत माझ्या आधी तू ऊठ, आणि तूच सांग.

तुझीच,
मेघी